मेंदूसाठी काय खावे यापेक्षा काय टाळावे

मेंदूच्या कोरड्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचा असतो, हे वाक्य हल्ली तुपाच्या, खोबरेल तेलाच्या आणि माशाच्या तेलाच्या गोळ्यांच्या जाहिरातींत हमखास भेटते. माहिती खरी आहे. त्यावरून काढलेला 'म्हणून भरपूर स्निग्ध खा' हा निष्कर्ष मात्र टिकत नाही. शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे पाचवा हिस्सा मेंदूत असतो, पण तो मेंदू स्वतःच तयार करतो; रक्तातले कोलेस्टेरॉल सहसा आत शिरू शकत नाही. आहारातून मेंदूला खरोखर लागतात ती ओमेगा-३ आणि ओमेगा-६ गटातली मोजकी मेदाम्ले, तीही थोडीच. ताटातला बाकीचा मेद मेंदूवर परिणाम करतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या वाटेने. त्या वाहिन्या कडक झाल्या, अरुंद झाल्या की हृदयाइतकाच मेंदूही उपाशी राहतो. म्हणून मेंदूसाठी आहारात काय वाढवावे, याआधी काय कमी करावे हे विचारायला हवे.

पुरावाही याच दिशेने बोट दाखवतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत मध्यमवयातल्या वाढलेल्या एलडीएल कोलेस्टेरॉलची भर घातली. जपानमधल्या हिसायामा गावात साठीपुढच्या १,६२८ जणांवर सुमारे दहा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांच्या रक्तात ट्रान्स फॅटचे प्रमाण अधिक होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंशही अधिक आढळला. उलट स्पेनमध्ये ज्या ज्येष्ठांना ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा पुरवला गेला, त्यांची बुद्धी सरसकट स्निग्ध पदार्थ कमी करण्याचा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा तल्लख राहिली. म्हणजे स्निग्ध पदार्थ वैरी नाहीत. वाईटाच्या जागी चांगले आणणे महत्त्वाचे. संपृक्त मेद कमी करून शेंगदाणा, करडई, तीळ यांची तेले माफक वापरली, तर अदलाबदल साधते. तेच तेल वरून आणखी ओतले, तर साधत नाही.

'आजी-आजोबा तूप खाऊन ऐंशीपर्यंत तल्लख राहिले' हा आक्षेप ठरलेला. पण आपल्या आठवणीत राहतात ते जगले-तगलेले. साठी गाठण्याआधीच गेलेल्यांचा हिशेब त्यात येत नाही. शिवाय अंगमेहनत करणाऱ्याच्या वरणभातावरचे चमचाभर तूप आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या ताटातली तळणे यांची तुलना कशी व्हावी? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेत ६०४ ज्येष्ठांवर झालेल्या, मेंदूसाठी आखलेल्या 'माइंड' आहाराच्या चाचणीत तीन वर्षांनी हा आहार घेणारा गट आणि तुलनेचा गट यांच्या बुद्धीत लक्षणीय फरक दिसला नाही. हे मान्यच करायला हवे, आणि कोणत्याही आहाराने स्मृतिभ्रंश हमखास टळेल असे कुणी सांगू नये. मात्र वाहिन्यांची झीज चाळिशीपासून दशकानुदशके साचते. पासष्टीनंतरच्या तीन वर्षांत ती भरून निघाली नाही, यात नवल नाही. ओमेगा-३ च्या गोळ्याही पाच वर्षांच्या मोठ्या चाचणीत बुद्धी टिकवण्यास उपयोगी ठरल्या नाहीत. वरून भर घालण्याचा मार्ग फसतो, हेच त्यातून दिसते. शाकाहारींचा प्रश्न खरा आहे: जवसातल्या ओमेगा-३ चे मेंदूला हवे ते रूप शरीर फार थोडे बनवते. म्हणून जवस बांगड्या-तारलीची जागा पुरती घेत नाही. पण भाजून कुटलेल्या जवसाची चटणी वेफर्सपेक्षा केव्हाही बरी. अख्खे जवस मात्र बरेचसे न पचताच बाहेर पडते.

आपल्याकडे खरा प्रश्न घराबाहेरच्या तेलाचा आहे. भारतात साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, आणि माणशी खाद्यतेलाचा वार्षिक खप वीस किलोच्या घरात गेला आहे. जानेवारी २०२२ पासून ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, हे मोठेच पाऊल. तरी खारी-टोस्टच्या पुड्यावरची बारीक अक्षरे वाचली तर वनस्पती तुपाच्या जोडीला पामतेल दिसते, आणि पामतेलातला जवळपास निम्मा मेद संपृक्त असतो. वडे-भज्यांच्या कढईत तेल काळपट होते, फेसाळते, त्यावर नवे ओतले जाते आणि तळण चालूच राहते. असे तेल किती बिघडल्यावर फेकावे याची मर्यादा नियमाने ठरवून दिली आहे: त्यातली ध्रुवीय संयुगे पंचवीस टक्क्यांवर गेली की ते बाद. पण ही तपासणी गाड्यापर्यंत आणि कँटीनपर्यंत नेमाने पोहोचली, तरच तिला अर्थ. पुड्याच्या दर्शनी भागावर संपृक्त मेदाचा ठळक इशारा सक्तीचा करणे, शाळा आणि कार्यालयांच्या कँटीनमध्ये तळणाचे तेल मोजणे ही कामे सरकारची आहेत. घरात महिन्याला तेलाचे किती डबे संपतात, हे पाहणे आपले. बुद्धिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर खर्च करण्याआधी हा हिशेब मांडावा. त्याला पैसे पडत नाहीत आणि पुरावाही त्याच्याच बाजूने आहे.