मोजणीचा ऋतू कोणता?

एखाद्या सड्यावर प्रकल्प येऊ घातला की तेथील जीवसृष्टीची यादी अहवालाला जोडली जाते. यादी लांब असेल तर सडा समृद्ध, आखूड असेल तर ओसाड, असा सोपा हिशेब मग मांडला जातो. हा हिशेब आम्हांला मान्य नाही.

निव्वळ जातींची संख्या म्हणजे विविधता नव्हे. समजा, दोन जागी प्रत्येकी 100 झाडे आणि 10 जाती आहेत. पहिल्या जागी प्रत्येक जातीची 10 झाडे. दुसऱ्या जागी एकाच जातीची 91 आणि उरलेल्या नऊ जातींचे एकेक. यादी दोहोंची सारखीच लांब. परंतु संख्याशास्त्रज्ञ सिम्प्सन यांनी 1949 साली सुचविलेली कसोटी लावून पाहावी. डोळे मिटून दोनदा झाड निवडले, तर दोन्ही वेळा एकच जात हाती लागण्याचा संभव पहिल्या जागी शंभरांत 10, तर दुसऱ्या जागी सुमारे 83 इतका. दुसरी जागा नावापुरतीच दहा जातींची!

त्याहून मोठा दोष मोजणीच्या वेळेचा आहे. गोमंतकातील जांभ्याचे सडे उन्हाळ्यात रखरखीत दिसतात. पाऊस पडला की त्याच कातळावर गेंद फुलतात, सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती डोके वर काढतात, डबक्यांत बेडकांचा संसार मांडला जातो. मात्र केंद्र सरकारच्या 1994च्या अधिसूचनेने शीघ्र अहवालासाठी पावसाळा सोडून एकाच ऋतूची माहिती पुरेशी मानली, आणि 2006ची अधिसूचना आल्यावरही ही वहिवाट पुष्कळशी टिकून राहिली. ज्या ऋतूत सडा जागा होतो तोच गाळायचा, यास मोजणी म्हणावे काय?

अपुऱ्या माहितीचे मोल गोव्याने पाहिले आहे. मोपा विमानतळाची पर्यावरणीय मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019मध्ये स्थगित केली, ती महत्त्वाची माहिती दडविली गेल्यामुळेच. जानेवारी 2020मध्ये स्थगिती उठली, आज तेथून विमाने उडतात. परंतु धडा पुसला जाऊ नये.

विकासाला आमचा विरोध नाही. आमचे मागणे इतकेच की, मोजणीत पावसाळा सक्तीचा असावा, आणि किती जागी, किती दिवस, कोणत्या रीतीने मोजले हे अहवालात स्पष्ट असावे. 2002च्या जैवविविधता कायद्याने पंचायतींच्या समित्यांकडे नोंदवहीचे काम सोपविले आहे. ती वही कचेरीत बसून भरू नये. सड्यावर गुरे चारणाऱ्यास आणि अळंबी वेचणाऱ्या बाईस विचारून भरावी. नोंदच नसेल, तर काय गमावले हे उद्या कोण सांगणार?