‘अनलिमिटेड’ कोळंबीने हॉटेल बुडतं का? रेड लॉबस्टरची गोष्ट आणि मुंबईच्या मेन्यू कार्डावरचं ‘एपीएस’

अंधेरी असो, घाटकोपर, मुलुंड की बोरिवली, मालवणी किंवा मंगळुरी हॉटेलात मेन्यू कार्ड उघडलं की एक गोष्ट बऱ्याचदा दिसते. चिकन मसाल्यापुढे किंमत असते, सोलकढीपुढे असते. पापलेट आणि चिंबोरीपुढे मात्र आकडा नसतो, ‘एपीएस’ अशी तीन अक्षरं असतात. ॲज पर साइझ. मासा केवढा, त्यावर भाव. अनेकांना यात लुबाडणुकीचा वास येतो आणि चारचौघांत वेटरला भाव विचारायचा संकोचही वाटतो.

पण अमेरिकेतली सगळ्यात मोठी सीफूड चेन २०२४ मध्ये दिवाळखोरीत का गेली, हे समजून घ्यायला ही तीन अक्षरं फार उपयोगी पडतात.

नेमकं झालं काय?

रेड लॉबस्टर १९६८ मध्ये फ्लोरिडातल्या लेकलँड शहरात सुरू झालं. समुद्रापासून लांब राहणाऱ्या मध्यमवर्गीय अमेरिकन कुटुंबाला परवडेल अशा दरात मासे, कोळंबी आणि शेवंड खाऊ घालायची, ही मूळ कल्पना. ती जबरदस्त चालली आणि चेनच्या शेकडो शाखा झाल्या. १९ मे २०२४ ला याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधीच्या काही दिवसांत डझनावारी शाखांना टाळं लागलं होतं.

सोशल मीडियावर लगेच मीम्स आले: खादाडांनी कोळंबी खाऊन कंपनी संपवली. यात तथ्य आहे, पण अर्धंच.

‘एंडलेस श्रिम्प’ ही त्यांची जुनी ऑफर होती. ठरावीक पैसे द्या आणि हवी तेवढी कोळंबी खा. आधी ही ऑफर ठरावीक काळापुरती असायची. २०२३ मध्ये कंपनीने ती २० डॉलरमध्ये कायमची करून टाकली. लोक आले, तासन् तास बसले, प्लेटवर प्लेट मागवत राहिले. एका तिमाहीत सुमारे १.१ कोटी डॉलरचा फटका बसला.

आता दुसरा आकडा बघा. त्याच २०२३ मध्ये कंपनीने जागांच्या भाड्यापोटी तब्बल १९ कोटी डॉलर मोजले. म्हणजे कोळंबीच्या फटक्याच्या सतरा पट! त्यातले ६ कोटींहून जास्त तर नीट न चालणाऱ्या शाखांवर गेले.

एवढं भाडं आलं कुठून? २०१४ मध्ये डार्डन या मूळ कंपनीने रेड लॉबस्टर ‘गोल्डन गेट कॅपिटल’ या गुंतवणूक कंपनीला २.१ अब्ज डॉलरना विकलं. नव्या मालकाने व्यवहाराचा पैसा उभा करण्यासाठी हॉटेलांखालच्या जागा १.५ अब्ज डॉलरना विकल्या आणि त्याच जागा भाड्याने परत घेतल्या. काल स्वतःच्या घरात राहणारा माणूस आज त्याच घरात भाडेकरू. दरवर्षी भाडं वाढणार, गिऱ्हाईक मात्र वाढेलच असं नाही. २०१९ च्या तुलनेत येणाऱ्यांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली होती.

त्यात थायलंडची ‘थाई युनियन’ ही बडी सीफूड कंपनी २०१६ मध्ये भागीदार आणि पुढे मोठी मालक झाली. कोळंबी पुरवणारीही हीच. ऑफर कायमची करणं आणि दुसऱ्या पुरवठादारांना बाजूला सारणं हे थाई युनियनच्या फायद्यासाठी झालं का, अशी शंका दिवाळखोरीच्या कोर्टातल्या कागदपत्रांतच मांडली आहे. कोळंबी विकणाराच हॉटेलचा मालक असेल तर ‘कितीही खा’ ही ऑफर त्याला वाईट वाटायचं कारण नाही. तोटा हॉटेलचा, खप त्याचा.

सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या मालकांकडे जाऊन कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली. ती बंद पडलेली नाही, आकाराने लहान झाली आहे.

मुंबईत अशी चेन का नाही?

माशांवर एवढं प्रेम करणाऱ्या शहरात खरं तर पाचशे शाखांची फिश चेन असायला हवी होती. फोर्टात सुरू झालेलं महेश लंच होम जुहूला आलं, विलेपार्ल्याच्या गजालीचं नाव पार्ल्याबाहेर गेलं. पण शेकडो शाखा कुणाच्याच नाहीत. वडापाव आणि पिझ्झाच्या चेन झाल्या, सुरमईची झाली नाही.

कारण मासा दर आठवड्याला सारखा मिळत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्यानंतर श्रावण. मग सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी. बुधवार, शुक्रवार, रविवारी दारात रांग आणि इतर दिवशी निम्मी टेबलं रिकामी, हे गणित कुठल्याही कॉर्पोरेट एक्सेल शीटला झेपणारं नाही.

शिवाय मासळीच कमी होतेय. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासे सापडले. ४५ वर्षांतला हा नीचांक होता. पिल्लं पकडली जाऊ नयेत म्हणून २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवला. त्याच वर्षी पापलेटला राज्य माशाचा दर्जाही मिळाला. दर्जा मिळाला म्हणून पापलेट स्वस्त झालं, असं अर्थातच नाही.

अशा बाजारात पापलेटचा भाव वर्षभरासाठी छापणं म्हणजे रोज जुगार खेळणं. ‘एपीएस’ हा त्यावरचा साधा उपाय आहे. सकाळी मासा ज्या भावाने मिळाला, तो संध्याकाळी टेबलापर्यंत पोचतो. ‘एंडलेस श्रिम्प’ हे याच्या बरोबर उलटं टोक: किंमत गोठलेली आणि माल अमर्याद.

भाड्याचा मुद्दाही इथे तितकाच लागू होतो. उपनगरातल्या अनेक जुन्या खानावळी टिकल्या त्या जागा स्वतःच्या मालकीची किंवा पागडीची असल्यामुळे. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली की तेच हॉटेल दोन-तीन वर्षं भाड्याच्या गाळ्यात ढकललं जातं. मग थाळीची किंमत वाढते किंवा माशाचा तुकडा पातळ होतो.

ज्यांना चेन करायचीच आहे, त्यांच्यापुढे एक रस्ता उरतो. बाराही महिने एकसारखा मिळणारा, शेतीतला, गोठवलेला माल. म्हणजे बासा आणि व्हनामी कोळंबी. बासाला काटा नाही, वास नाही आणि फारशी चवही नाही. मग चव आणायची कशी? पीठ, तेल, मीठ, बटर, मेयो.

मासा पौष्टिक, मग ताट का नाही?

रेड लॉबस्टरचंच उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट’ या संस्थेने २०१५ मध्ये त्यांच्या एका कोळंबी कॉम्बोचा हिशोब मांडला. तळलेली कोळंबी, क्रीमचा पास्ता, फ्राइज, सॅलड, बिस्किट मिळून सुमारे २,७०० कॅलरी आणि साडेसहा ग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला २ ग्रॅमच्या आत सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत मीठ, पोटात जावं. एका जेवणात तीन दिवसांहून जास्त कोटा संपला!

२०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सुमारे १ लाख ७ हजार अमेरिकन महिलांवरचा अभ्यास आला. आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा तळलेले मासे-शिंपले खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचा धोका ते अजिबात न खाणाऱ्यांपेक्षा १३ टक्के जास्त दिसला. तळणामुळेच मृत्यू झाले, असं यातून सिद्ध होत नाही. पण ‘मासे खाल्ले म्हणजे हेल्दी’ ही आपली पळवाट मात्र बंद होते.

घरी आई बांगडा तव्यावर भाजते, दोन चमचे तेलात. रविवारी दुपारी चाळीस टेबलांचं हॉटेल तेच करू शकत नाही, म्हणून माशाचा तुकडा थेट कढईत जातो. गंमत म्हणजे ‘कोस्टल’ मेन्यूतले दोन हुकमी पदार्थ कोळी घरांतले नाहीतच. ‘कोळीवाडा’ कोळंबी फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात आलेल्या पंजाबी निर्वासितांची मानली जाते, तर बटर पेपर गार्लिक क्रॅब फोर्टातल्या त्रिष्णामुळे गाजला. पहिल्यात तळण, दुसऱ्यात लोणी.

कढईतल्या तेलासाठी नियम आहे. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंडचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरता येत नाही. हे कंपाउंड तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढतात. मात्र टेबलावर बसलेल्या माणसाला ते दिसत नाहीत.

कॅलरीचाही नियम आहे. एफएसएसएआयच्या नियमानुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी मेन्यूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी छापायच्या आहेत. म्हणून बर्गरच्या मोठ्या चेनमध्ये आकडा दिसतो. चार शाखांच्या सीफूड हॉटेलवर ते बंधन नाही. सुरमई फ्राय, वडे, कालवण, पापड, लोणचं आणि मिठाची सोलकढी एका ताटात येतात, तेव्हा एकूण मीठ किती झालं हे खुद्द हॉटेलवाल्यालाही माहीत नसतं.

तोवर ऑर्डर देतानाच तीन गोष्टी विचारता येतात. ‘एपीएस’ असेल तर वजन आणि भाव आधी. फिलेट असेल तर मासा कुठला. आणि तुकडा तव्यावर करून मिळेल का. गर्दी नसेल तर बहुतेक ठिकाणी मिळतो. हृदयासाठी चांगलं मानलं जाणारं ओमेगा-३ बासापेक्षा बांगडा आणि तारलीत कितीतरी जास्त असतं, आणि या दोघांपुढे मेन्यू कार्डावर सहसा छापील किंमत असते.