एव्हरेस्टच्या माथ्यावरचा सिंदूर

३० मे २००५. एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचलेल्या एका मोठ्या मोहिमेतील दोघांनी तोंडावरचे प्राणवायूचे मुखवटे उतरवले, एकमेकांच्या गळ्यात प्लास्टिकच्या फुलांचे हार घातले, आणि वराने वधूच्या कपाळी सिंदूर लावला. वधू मोनी मुलेपती, वर पेम दोर्जे शेर्पा. सारा सोहळा जेमतेम दहा मिनिटांचा. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. तिथे याहून लांब मंगलाष्टके परवडत नाहीत.

त्याच महिन्यात, १४ मे रोजी, एका फ्रेंच वैमानिकाने एव्हरेस्टच्या शिखरावर हेलिकॉप्टर टेकवले होते. वृत्तपत्रांनी दोन्ही घटना एकाच खणात ठेवल्या: विक्रम. पुढे हे लग्न 'जगावेगळी विवाहस्थळे' अशा याद्यांत जाऊन बसले आणि आजही तिथेच भेटते. हा खण चुकीचा आहे. वधू नेवार होती, वर शेर्पा. या लग्नाची जागा विक्रमांच्या वहीत नसून नेपाळमधील जातिव्यवस्थेच्या इतिहासात आहे.

तो इतिहास थोडा तपशिलाने पाहावा लागेल. १८५४ साली जंगबहादूर राणाच्या राजवटीत 'मुलुकी ऐन' ही संहिता जारी झाली. तिने नेपाळमधील यच्चयावत समाजांना एकाच उतरंडीवर बसवले. सर्वांत वर जानवे घालणारे 'तागाधारी'. त्याखाली 'मतवाली', म्हणजे मद्य पिणारे. मराठी गाण्यांतल्या मतवाल्याशी त्याची गल्लत नको. या मतवालींचेही दोन भाग: 'नमासिन्या', ज्यांना शिक्षा म्हणून गुलाम करता येत नसे, आणि 'मासिन्या', ज्यांना करता येई. त्याखाली ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही असे, आणि तळाशी अस्पृश्य. तिबेटी मुळाच्या लोकांना 'भोटे' या एकाच नावाखाली मासिन्या गटात टाकले गेले, शेर्पाही त्यांतच. नेवारांना मात्र एक पायरी मिळाली नाही. काठमांडू खोऱ्यातील या समाजात ब्राह्मणांपासून सफाई करणाऱ्यांपर्यंत स्वतःचीच उतरंड होती, आणि ती तशीच्या तशी नव्या शिडीवर पसरली गेली.

कोणी कोणाच्या हातचा भात खावा, कोणी कोणाशी शरीरसंबंध ठेवावा, आणि मर्यादा मोडल्यास शिक्षा काय, हे ठरवणारा हा सरकारी कायदा होता. केवळ रूढी म्हणून त्याची बोळवण करता येत नाही. १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनाने ही उतरंड कायद्यातून काढली. घरांतून ती निघायला मात्र कलमे पुरी पडत नाहीत.

लग्नाच्या रीतींतही दोन्ही समाजांत मोठे अंतर. नेवार मुलीचे न्हाण येण्यापूर्वीच 'इही' होते, म्हणजे बेलफळाच्या साक्षीने देवाशी लग्न. त्यामुळे तत्त्वतः ती कधीच विधवा होत नाही. शेर्पांचे लग्न त्याहून निवांत. आधी 'सोदेने', म्हणजे मागणी. मग 'देमचांग', म्हणजे छांगच्या साक्षीने झालेला करार. आणि शेवटी 'झेंडी', म्हणजे प्रत्यक्ष पाठवणी. या टप्प्यांच्या मध्ये वर्षे लोटत, आणि झेंडीपूर्वी मूल झाले तरी कोणी नाक मुरडत नसे. शेर्पांवरील १९६४ च्या आपल्या ग्रंथात क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ यांनी हे सविस्तर नोंदवले आहे. हैदराबाद संस्थानातील गोंडांचा अभ्यास करणारे ते हेच. दोन्हींकडे लग्न हा व्यक्तींपेक्षा कुळांचा व्यवहार होता. मागणी कोण घालणार, पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार, कोणाच्या हातचे कोण जेवणार, हेच त्याचे खरे विधी.

शिखरावर पंगत बसत नाही. मांडव नाही, मानपान नाही, रुसून बसायला कोपराही नाही. पर्वतमाथ्यावरच्या लग्नाचे ऐतिहासिक महत्त्व असेल, तर ते उंचीपेक्षा या अभावात आहे. माथ्यापर्यंत पोहोचलेल्यांना तिथपर्यंत आणणारी गोष्ट एकच होती: पायांतली ताकद आणि सोबतच्या माणसावरचा विश्वास. दोरीला कोण कोणाबरोबर बांधून घेतो, हे तिथे पायरी पाहून ठरत नाही.

'हा प्रसिद्धीचा खटाटोप' असा आक्षेप हमखास येतो. पण शिखर गाठता येईल याची खात्री नसल्याने या दोघांनी आपला बेत आधी कोणाला कळू दिला नव्हता. प्रसिद्धीच्या हव्यासाचे हे लक्षण नव्हे. शिवाय शेर्पांसाठी एव्हरेस्ट हे रोजगाराचे ठिकाण आहे. गिरणीच्या आवारात लग्न लावणाऱ्या कामगाराकडे जसे पाहावे, तसेच त्याच्याकडे पाहायला हवे. एखाद्या धनिकाने मजुरांच्या पाठीवर आपला विवाहसोहळा वर चढवावा, ही गोष्ट निराळी आणि निषेधार्ह. सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातील किल्ले लग्नसमारंभांसाठी भाड्याने देण्याची बातमी आली तेव्हा उसळलेला संताप नेमका मांडव, भोजनावळी आणि ध्वनिवर्धक यांवर होता, आणि तो रास्तच होता. दोन हार आणि चिमूटभर सिंदूर यांना तो लागू होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेर्पांसाठी चोमोलुंग्मा हे मियोलांगसांग्मा या देवीचे निवासस्थान. गिर्यारोहणाचा व्यवसाय येण्यापूर्वी शेर्पा अशा शिखरांवर पाय ठेवत नसत. खुंबूतील खुंबिला हा पवित्र पर्वत आजही चढला जात नाही. मग देवीच्या मस्तकावर लग्न? पण ही मर्यादा ओलांडली गेली ती १९२० च्या दशकापासून आलेल्या परदेशी मोहिमांनी, आणि शेर्पांनी तिच्याशी तळछावणीवरील पूजेच्या रूपाने तडजोड केली. त्या ओलांडण्याचा सारा जाब या एका जोडप्याला विचारणे न्यायाचे नाही.

खरे तर विचारण्याजोगा प्रश्न सिंदुराचा आहे. सिंदूर हा शेर्पांच्या लग्नाचा मूळ विधी नव्हे. तो हिंदू रीतीचा, आणि पहाडी हिंदू संस्कृतीच्या वर्चस्वामुळे साऱ्या नेपाळात 'लग्न झाले' याचा सर्वमान्य पुरावा ठरलेला. झेंडी दहा मिनिटांत होत नाही. सिंदूर एका बोटाने लागतो. म्हणजे ८,८४८ मीटरवरही दोन संस्कृतींपैकी राज्यसत्तेच्या जवळची संस्कृतीच सोयीची ठरली. या लग्नाला केवळ 'जातिमुक्त' म्हणून मिरवणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

आणि नेवार-शेर्पा अंतर हे नेपाळमधले सर्वांत कठीण अंतरही नव्हे. २००९ मध्ये सरकारने दलित-दलितेतर विवाहासाठी एक लाख रुपयांचे अनुदान जाहीर केले. २३ मे २०२० रोजी पश्चिम रुकुम जिल्ह्यात एक दलित तरुण वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीतील आपल्या प्रेयसीला आणण्यासाठी मित्रांसह तिच्या गावी गेला. गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. त्या दिवशी सहा तरुण मेले; त्यांचे मृतदेह भेरी नदीतून काढावे लागले.