१२० फ्लॅटना सर्व्हर कशाला?

जावास्क्रिप्ट शिकवणाऱ्या बहुतेक क्लासेसमध्ये 'मर्न' नावाचा संच शिकवतात: मोंगोडीबी, एक्सप्रेस, रिअ‍ॅक्ट आणि नोड. चारही चीजा चांगल्या आहेत. पण क्लास संपल्यावर पोराच्या हाती जे पहिलं खरं काम येतं, ते बहुधा त्याच्याच सोसायटीचं असतं. मेंटेनन्सचा हिशेब, टँकरची नोंद, पार्किंगची यादी. आणि तो शिकवलं तसंच करतो. क्लाउडवर मोंगोचं खातं उघडतो, कोणत्या आयपीला परवानगी द्यायची ते जमत नाही म्हणून शेवटी सगळ्या जगाला दार उघडून देतो, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं, फोन नंबर, थकबाकी असं सगळं कुठल्याशा दूरच्या यंत्रावर जाऊन बसतं.

आता हिशेब करू. १२० फ्लॅट, महिन्याला एक पावती, म्हणजे वर्षाला १,४४० नोंदी. दहा वर्षांच्या १४,४००. एका नोंदीला २०० बाइट धरले, तरी सगळं मिळून तीन एमबीच्या आत. फोनवर काढलेला एखादा फोटोही याहून मोठा निघतो. एवढ्यासाठी वेगळा डेटाबेस सर्व्हर, त्याचा पासवर्ड, त्याचं नेटवर्क, त्याचं बिल किंवा त्याच्या फुकट योजनेच्या अटी हे सगळं गळ्यात कशाला घ्यायचं? फाईल पुरते. मात्र फाईल पुरते असं म्हणून सोडून दिलं की लोक दुसऱ्या खड्ड्यात पडतात, आणि मला त्या दुसऱ्या खड्ड्याबद्दलच जास्त बोलायचं आहे.

तो खड्डा म्हणजे डेटा.जेसन. नोडमध्ये फाईल वाचायला एक ओळ, तिचं ऑब्जेक्ट करायला एक ओळ, परत लिहायला एक ओळ. डेटाबेस तयार! आणि खरं सांगायचं तर काही कामांना हे अगदी योग्य आहे. अ‍ॅपच्या सेटिंग्ज, एकट्या माणसाने एकट्याच्या लॅपटॉपवर चालवायची टिपणवही, वेबसाइट बांधताना एकदाच वाचायची कार्यक्रमांची यादी. फाईल कुठल्याही एडिटरमध्ये उघडते, डोळ्यांनी वाचता येते, गिटमध्ये टाकली तर कधी काय बदललं तेही दिसतं. ही सोय कमी लेखू नये.

पण सोसायटीच्या अ‍ॅपमध्ये लिहिणारे दोघं असतात. खजिनदार फ्लॅट ३०२ ची पावती फाडतात, त्याच सुमाराला सेक्रेटरी आपल्या फोनवरून ५०४ ची. नोड एकाच धाग्यावर चालतं, मग दोन कामं एकमेकांत घुसतीलच कशी, असं मुलं विचारतात. जिथे 'अवेट' लिहिलंय तिथे घुसतात. खजिनदारांच्या विनंतीने फाईल वाचायला घेतली आणि डिस्कची वाट पाहत थांबली. तेवढ्यात सेक्रेटरींची विनंती आली आणि तिनेही तीच फाईल वाचली. दोघांच्या हातात आता सारखीच जुनी यादी आहे. खजिनदारांनी ३०२ जोडून लिहिली. सेक्रेटरींनी आपल्या जुन्या यादीला ५०४ जोडून तिच्यावर लिहिली. ३०२ ची पावती गेली. कुठेही लाल अक्षरात काही आलं नाही, दोघांच्याही पडद्यावर हिरवी खूण उमटली, आणि शेवटच्या क्रमांकात एक मिळवून पुढचा द्यायची पद्धत असेल तर दोघांच्या पावतीचा क्रमांकही एकच. हा घोटाळा सापडतो तो मार्चअखेरीस, ३०२ मधले काका कागदी पावती घेऊन तावातावाने ऑफिसात येतात तेव्हा.

दुसरा धोका आपल्याकडे जास्त ओळखीचा: लाईट जाणे. नोडचं नेहमीचं राइटफाईल आधी जुनी फाईल रिकामी करतं आणि मग नवा मजकूर भरतं. या दोन पायऱ्यांच्या मध्ये वीज गेली तर नव्या नोंदीसोबत जुना सगळा हिशेबही जातो. सकाळी अ‍ॅप सुरू करायला जावं तर 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ जेसन इनपुट'. यावरचा उपाय जुना आहे. नवा मजकूर आधी तात्पुरत्या फाईलमध्ये लिहायचा, तो पूर्ण झाला की तिचं नाव बदलून खऱ्या फाईलच्या जागी बसवायची. मग अर्धवट लिहिलेली फाईल खऱ्या नावाने समोर येत नाही. लोडीबी नावाचं छोटं पॅकेज हेच करतं. शिवाय ते सगळा डेटा मेमरीत एकाच ऑब्जेक्टमध्ये धरून ठेवतं, त्यामुळे वर सांगितलेली वाचण्याची शर्यतही बऱ्याच अंशी टळते. हाताने तीन ओळी लिहिण्यापेक्षा ते केव्हाही बरं. तरीही प्रत्येक बदलाला सगळं ऑब्जेक्ट नव्याने जेसन होऊन डिस्कवर जातं. एक पावती वाढली म्हणून अख्खी वही पुन्हा उतरवून काढण्यासारखं. ते दहा ते शंभर एमबीच्या घरात गेलं की काम जड पडू शकतं, आणि नोडच्या क्लस्टरला आपला पाठिंबा नाही, असं लोडीबीच्या माहितीपत्रातच स्पष्ट लिहिलंय. म्हणजे हौसेने एकाच अ‍ॅपच्या दोन प्रती चालवल्या की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून 'डेटा किती?' हा प्रश्न मला गौण वाटतो. लिहिणारे किती आणि फाईल राहते कुठे, हे आधी विचारावं. लिहिणारा एकाहून जास्त असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: एसक्यूलाईट.

एसक्यूलाईटचा जन्मच सर्व्हरच्या कटकटीतून झाला. डी. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. जहाजाला इजा झाली, नळ फुटला, तर कोणते व्हॉल्व्ह बंद करायचे हे सांगणारी ती प्रणाली. तिच्यामागे इन्फॉर्मिक्सचा डेटाबेस सर्व्हर होता, आणि तो बंद पडला की यांचा प्रोग्राम ठणठणीत असूनही हात वर करायचा. डेटा त्याच यंत्राच्या डिस्कवर पडलेला. मग मध्ये सर्व्हर हवाच कशाला? या प्रश्नातून २००० साली एसक्यूलाईटची पहिली आवृत्ती आली. त्यात वेगळा सर्व्हर नाही. सी भाषेतलं एक ग्रंथालय तुमच्या प्रोग्रामच्या पोटात बसतं आणि थेट डिस्कवरची एक फाईल वाचतं-लिहितं. मालकी हक्क कुणाचाच नाही, कोड सार्वजनिक मालमत्ता आहे. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो आहे, आणि तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश त्या फोनवर अशाच फाईलमध्ये साठतात.

जावास्क्रिप्टवाल्यांना याची भीती वाटायची ती बसवण्यापायी. पॅकेजला सी++ चा कंपायलर लागे, कधी पायथॉन मागे, आणि विंडोजवर तासभर लाल ओळी बघत बसावं लागे. बेटर-एसक्यूलाईट३ या पॅकेजने तयार बांधलेल्या फाईली देऊन ते दुखणं बरंच कमी केलं. आणि जुलै २०२४ मध्ये आलेल्या नोडच्या २२.५ आवृत्तीत एसक्यूलाईट नोडच्या आतच आलं. आधी ते चालू करायला वेगळा झेंडा लावावा लागे, पुढे तीही अट गेली. आता काहीही इन्स्टॉल न करता, एका इंपोर्टवर, खरा डेटाबेस मिळतो.

नोडमधली ही आतली सोय आणि बेटर-एसक्यूलाईट३, दोन्हींची नेहमीची रीत सिंक्रोनस आहे. इथे 'अवेट' नाही. नोडमध्ये काहीही अडवून धरायचं नाही, असं शिकलेल्या मुलाला हे पाप वाटतं. पण फाईल शेजारीच आहे, नेटवर्क पार करायचं नाही. इंडेक्सवरून एक नोंद काढायला लागणारा वेळ इतका कमी असतो की वाट पाहण्याची यंत्रणा उभारणंच महाग पडावं. आणि 'अवेट' नसल्यामुळे वाचणं, बदलणं, लिहिणं हे तिन्ही एका दमात होतं, मध्ये सेक्रेटरींची विनंती घुसायला फट राहत नाही. दुसरी प्रक्रिया त्याच फाईलवर आली तरी व्यवहार आणि कुलूप सांभाळायला एसक्यूलाईट बसलेलं आहे. पावती क्रमांकाच्या स्तंभावर 'युनिक' लिहिलं की एकच क्रमांक दोघांना मिळणं संपलं. व्यवहाराच्या मध्येच लाईट गेली तर पुढच्या वेळी फाईल उघडताना अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेतला जातो, आधीचा हिशेब शाबूत.

एसक्यूलाईटच्याही खोडी आहेत. रकमेच्या स्तंभाला इंटिजर म्हटलं आणि त्यात 'बाराशे' असा शब्द टाकला तर ते मुकाट्याने ठेवून घेतं. २०२१ पासून तक्ता बनवताना शेवटी 'स्ट्रिक्ट' लिहिण्याची सोय आहे. ती न वापरणं मला आळस वाटतो.

मोठी गडबड होते ती फाईल ठेवण्याच्या जागेवरून. ऑफिसातल्या संगणकावर ड्राइव्हचं सिंक होणारं फोल्डर असतं, आणि 'आपोआप बॅकअप होईल' म्हणून डेटाबेस त्यातच ठेवतात. सिंक करणाऱ्याला एसक्यूलाईटची कुलपं कळत नाहीत. तो चालू व्यवहारात फाईल उचलतो. दोन संगणकांवरून वापर झाला तर फाईल बिघडायला वेळ लागत नाही. नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरचंही तसंच, तिथल्या कुलपांवर भरवसा ठेवू नये. वॅल पद्धत चालू केली असेल (ती करावी, लिहिणं चालू असतानाही वाचणाऱ्यांना थांबावं लागत नाही) तर मुख्य फाईलशेजारी आणखी दोन फाईली दिसतात, आणि ताज्या नोंदी त्यांतल्या वॅल फाईलमध्ये असू शकतात. नुसती मुख्य फाईल पेनड्राइव्हवर ओढली तर आजच्या पावत्या मागेच राहतात. बॅकअप घ्यायचा तो 'व्हॅक्यूम इंटू' या आज्ञेने, तारखेच्या नावाची वेगळी फाईल बनवून. ती फाईल मग खुशाल ड्राइव्हवर चढवा.

आणि होस्टिंग. बऱ्याच सेवांवर अ‍ॅपला मिळणारी डिस्क तात्पुरती असते; नवा कोड चढवला की जुनी डिस्क पुसली जाते, फाईलसकट. कायमची डिस्क मिळत नसेल तर तिथे फाईलचा डेटाबेस ठेवूच नये. मला विचाराल तर सोसायटीच्या ऑफिसातला यूपीएसवरचा जुना संगणक या कामाला पुरतो.

एक अडचण मात्र खास आपली. सभासदांची नावं मराठीत असली की एसक्यूलाईट त्यांचा क्रम युनिकोडच्या आकड्यांवरून लावतं. त्या आकड्यांत ळ हा ल नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. त्यामुळे काळे हे कावळे आणि कासार यांच्या आधी जाऊन बसतात आणि यादी बघणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी खटकतं. क्रम लावायचं काम जावास्क्रिप्टमध्ये करावं. शोधाचं दुखणं याहून चिवट. वऱ्हाडे हे आडनाव कुणी ऱ वापरून टाइप करतं, कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे गृहस्थ. युनिकोडचं नॉर्मलाइज इथे मदत करत नाही. नाव साठवतानाच एक रूप ठरवून दुसरं त्यात बदलून घ्यावं लागतं, आणि शोधताना टाइप केलेल्या शब्दालाही तोच नियम लावावा लागतो. डेटाबेस कुठलाही घेतला तरी हे काम आपल्यालाच करावं लागणार.

अ‍ॅप दोन-तीन यंत्रांवर एकदम चालवायचं असेल, किंवा सतत लिहिणारे शेकडो असतील, तर पोस्टग्रेस घ्या, माझी काही तक्रार नाही. एसक्यूलाईटमध्ये एका वेळी लिहिणारा एकच, ही मर्यादा खरी आहे. पण सोसायटीचा प्रश्न वेगळाच असतो. समितीची मुदत पाच वर्षांची. अ‍ॅप लिहिणारा मुलगा त्याआधीच नोकरीला बंगळुरूला गेलेला असतो. नेडीबी नावाचं मोंगोच्या धर्तीवरचं एक फाईल-डेटाबेस पॅकेज होतं, छोट्या अ‍ॅप्सना सुटसुटीत. त्याच्या कर्त्याने ते सांभाळणं कधीच थांबवलं. एसक्यूलाईटची सध्याची फाईल रचना २००४ पासून चालत आली आहे, २०५० पर्यंत पाठबळ देण्याचा इरादा कर्त्यांनी जाहीर केला आहे, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डेटासंच जतन करण्यासाठी सुचवलेल्या रचनांमध्ये तिचं नाव आहे. नव्या समितीला त्या जावास्क्रिप्टमधलं ओ की ठो कळलं नाही तरी चालेल. फुकट मिळणाऱ्या कुठल्याही एसक्यूलाईट दर्शकात ती फाईल उघडते, तक्ते दिसतात, आणि हवे ते एक्सेलमध्ये नेता येतात. जाणाऱ्या मुलाकडून तेवढं एका कागदावर लिहून घ्यावं: फाईल कुठे आहे, बॅकअप कुठे आहे, आणि कोणत्या तक्त्यात काय आहे.