एलिझाबेथ आणि आमची एकादशी

नाताळच्या सुट्टीत नात आली की वराळ्याच्या आमच्या घरातला टीव्ही तिच्या ताब्यात जातो. यंदा रोज एक नाताळचा इंग्रजी चित्रपट चालू होता. बर्फ, सजवलेलं झाड, आणि शेवटी सगळ्यांचं गोड. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "आबा, आपल्या सणांचे असे पिक्चर का नाहीत?"

म्हटलं, आहे की! आणि 'एलिझाबेथ एकादशी' लावला.

परेश मोकाशींचा हा चित्रपट १४ नोव्हेंबर २०१४ ला, म्हणजे बालदिनाला आला. कथा मधुगंधा कुलकर्णींची. गाजला, बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण पुढं लोकांच्या लक्षात राहिली ती त्यातली सायकल आणि गण्याची तिखट जीभ. (ती भाषा मला आजही खटकते. पण पोरं तशी बोलतात, हे चाळीस वर्षं ऐकलंय.) माझ्या मते हा विनोदी बालपट नव्हेच. हा श्रद्धेवरचा चित्रपट आहे आणि तसा तो फारसा कुणी पाहिला नाही.

गोष्ट पंढरपूरची. ज्ञानेशचे वडील वारलेत. त्यांनी करून दिलेली सायकल म्हणजे 'एलिझाबेथ'. आई यंत्रावर स्वेटर विणून घर चालवते. कर्जापायी ते यंत्र जातं आणि सायकल विकायची पाळी येते. ती वाचवायला पोरं कार्तिकीच्या गर्दीत, आईच्या चोरून, बांगड्या विकायला बसतात.

चित्रपट संपल्यावर नात म्हणाली, "पण यात विठ्ठल काहीच करत नाही!"

बरोबर पकडलंन. देव प्रकट होत नाही, चमत्कार होत नाही. ज्ञानेश न्यूटनला संतांच्या पंगतीत बसवतो आणि गुरुत्वाकर्षणाचं कीर्तन करतो. मोठ्यांना ही गंमत वाटते. मला नाही वाटत. बापानं सांगितलेलं सगळं त्या पोराला सारखंच खरं आहे, मग तो पांडुरंग असो की न्यूटन. मोठे झालो की आपण त्यांची दोन वेगळी कपाटं करतो. लहान मुलाची श्रद्धा मागणं मागत बसत नाही, ती कामाला लागते.

आता मला हा चित्रपट का टोचतो, ते सांगतो.

आळंदी आमच्याकडून जवळ. कार्तिक वद्य एकादशीची यात्रा, मग त्रयोदशीला माउलींच्या समाधीचा सोहळा. माझ्या वर्गातला एक मुलगा दरवर्षी नेमका त्या आठवड्यात गैरहजर असायचा. आईबरोबर बुक्का आणि तुळशीच्या माळा विकायचा. एकदा मी भर वर्गात म्हटलं, "देवाच्या नावावर धंदा करतोस, लाज नाही वाटत?" तो शांतपणे म्हणाला, "सर, आम्ही नाही बसलो तर लोकांनी माळ घ्यायची कुठून?" मी त्याला उद्धट ठरवून तासभर बाकावर उभं केलं. त्या काळी मी श्रद्धेवर छान भाषणं द्यायचो.

त्याच्या दृष्टीनं ती सेवाही होती आणि पोटही होतं. ज्ञानेश आणि झेंडू बांगड्या मांडून बसतात तेव्हा मला तो मुलगा दिसतो, आणि समोर खडू घेऊन उभा असलेला मीही दिसतो.

'इट्स अ वंडरफुल लाइफ' नावाचा अमेरिकन चित्रपट १९४६ साली आला तेव्हा त्याचा खर्चही निघाला नव्हता. १९७४ मध्ये त्याच्या हक्कांचं नूतनीकरण राहून गेलं. टीव्हीवाल्यांना फुकट मिळाला, त्यांनी दर नाताळात तो लावला आणि बघता बघता तो घराघरांतला रिवाज झाला. आपल्याकडे एकादशीला साबुदाण्याची खिचडी मात्र न चुकता होते.

म्हणून आम्ही ठरवलंय. येत्या कार्तिकी एकादशीला संध्याकाळी फराळ झाला की अंगणात चादर लावून हा चित्रपट दाखवायचा. आळीतली सगळी पोरं येतील. शेवट मी इथं मुद्दाम सांगितलेला नाही.

नातीनं नंतर विचारलं, "त्या मुलाचं नाव काय होतं, आबा?" तिला सांगितलं. तो इथंच आसपास राहतो. त्या दिवशी त्यालाही बोलवायचं आहे. अजून फोन केलेला नाही.