आयर्लंडचा काठावरचा कौल

आयर्लंडच्या मतदारांनी ८ फेब्रुवारी २०२० रोजी जो कौल दिला, त्याचा अर्थ लावण्यास तेथील पुढाऱ्यांना साडेचार महिने लागले. कनिष्ठ सभागृहाच्या १६० जागांपैकी फियाना फॉल पक्षास ३८, शिन फेनला ३७ आणि फिन गेलला ३५ जागा मिळाल्या. फियाना फॉलची अडतिसावी जागा तर लढून मिळालेली नव्हेच. मावळत्या सभापतींना मतदानाविनाच निवडून आले असे मानण्याची तेथे रीत आहे, तिचा तो प्रसाद!

पहिल्या पसंतीच्या मतांत मात्र शिन फेन २४.५ टक्के मिळवून सर्वांच्या पुढे होता. मग जागा कमी का? या पक्षाने उमेदवारच अवघे ४२ उभे केले होते. आपल्या राज्यसभेची निवडणूक ज्या एकल संक्रमणीय मतपद्धतीने होते, तीच तेथे सार्वत्रिक निवडणुकीस लागू आहे. एका मतदारसंघातून तीन ते पाच सदस्य निवडले जातात आणि विजयी उमेदवाराची जादा मते मतदाराच्या पुढील पसंतीकडे वळतात. शिन फेनपाशी अशी मते ढिगाने होती. ती झेलण्यास स्वपक्षाचा दुसरा माणूस अनेक ठिकाणी उभाच नव्हता.

त्या वेळचे पंतप्रधान लिओ वराडकर यांचे घराणे मालवण तालुक्यातील वराडचे, म्हणून आपल्याकडे या लढतीकडे कौतुकाने पाहिले गेले. घरभाड्याने गांजलेल्या डब्लिनच्या तरुणास या कौतुकाशी कर्तव्य नव्हते. घरांची टंचाई आणि रुग्णालयांतील खोळंबा, या दोन दुखण्यांवर त्याने मत दिले.

फियाना फॉल आणि फिन गेल यांचे वैर १९२१ च्या तहातून आणि त्यापाठोपाठच्या यादवी युद्धातून आलेले. धोरणांत फारसे अंतर उरले नव्हते. उरला होता तो वारसा. जून २०२० मध्ये हरित पक्षास सोबत घेऊन दोघे प्रथमच एका मंत्रिमंडळात बसले. आधी मिहॉल मार्टिन, मग डिसेंबर २०२२ पासून वराडकर, अशी पंतप्रधानपदाची वाटणी ठरली आणि ती पाळलीही गेली. आम्हांस ही तडजोड गैर वाटत नाही. शिन फेनशी सोयरीक दोघांनाही नको होती आणि त्या पक्षाच्या सशस्त्र भूतकाळाकडे पाहता त्यात नवल नव्हते. पण पूर्वी एकावर रुष्ट झालेला मतदार दुसऱ्याकडे जाई. आता दोघेही एकाच बाकावर! सरकार बदलावयाचे तर त्याने जावे कोठे?

२०२४ च्या नोव्हेंबरात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १७४ जागांत या जोडीस ८६ मिळाल्या. बहुमतास दोन कमी. अपक्षांनी ती उणीव भरून काढली. त्यांपैकी काहींना सरकारला पाठिंबा देऊन बोलण्याची वेळ मात्र विरोधकांच्या वाट्यातली हवी होती. त्यावरून २२ जानेवारी २०२५ रोजी असा गदारोळ झाला की मार्टिन यांची निवड दुसऱ्या दिवसावर गेली. विरोधकांचा संताप आम्ही रास्त मानतो. सरकारचे मित्रच विरोधकांच्या वेळेत बोलू लागले, तर जाब विचारावयाचा कोणी?

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षपदासाठी शिन फेनसह डाव्या पक्षांनी कॅथरिन कॉनली या एकाच अपक्ष उमेदवारास पाठिंबा दिला आणि त्या सुमारे ६३ टक्के मतांनी विजयी झाल्या. पद बव्हंशी शोभेचे आहे. परंतु करारानुसार नोव्हेंबर २०२७ मध्ये पंतप्रधानपद फिन गेलकडे जावयाचे आहे, आणि तोवर या नव्या बेरजेचा विचार दोन्ही जुन्या पक्षांना करावा लागेल.