हमखास जागेची किंमत

काँग्रेसचे नेते माणिकराव गावित यांचे 17 सप्टेंबर 2022 रोजी नाशिकमध्ये निधन झाले. 1981 च्या पोटनिवडणुकीपासून 2014 पर्यंत, सलग नऊ वेळा, नंदुरबारने त्यांना लोकसभेत पाठवले. साधेपणा आणि पक्षनिष्ठा ही त्यांची ओळख होती. त्यांच्या नऊ विजयांचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते रास्तही होते. तेहतीस वर्षांच्या या एकनिष्ठेच्या बदल्यात नंदुरबारच्या पदरात काय पडले, हे मात्र क्वचितच कोणी विचारले. आमचे म्हणणे असे, की जी जागा हमखास आपली आहे असे पक्षाला वाटते, त्या जागेच्या खासदाराचा शब्द दिल्लीत जड होत नाही. मग तो कितीही वेळा निवडून येवो.

पुरावा त्यांच्याच कारकिर्दीत आहे. 1981 मध्ये लोकसभेत गेलेल्या गावितांना केंद्रात पहिले मंत्रिपद मिळाले 2004 मध्ये, तेही गृह खात्याचे राज्यमंत्रिपद. 2013 मध्ये पुन्हा संधी आली, तेव्हा निवडणूक वर्षावर आली होती, आणि पद पुन्हा राज्यमंत्र्याचेच. कॅबिनेट मंत्रिपद त्यांना कधीच मिळाले नाही. 2009 च्या जूनमध्ये ते लोकसभेचे हंगामी अध्यक्ष झाले. देशभरातून निवडून आलेले खासदार एकेक करून पुढे येत होते आणि नवापूर तालुक्यातला हा आदिवासी नेता त्यांच्या शपथविधीच्या कामकाजाचा प्रमुख होता. अभिमान वाटावा असाच तो क्षण होता. पण हंगामी अध्यक्षपद ज्येष्ठतेने मिळते आणि शपथविधी आटोपला, नवा अध्यक्ष निवडला गेला, की संपते. ज्येष्ठतेचा मान मिळाला, अधिकार मिळाला नाही. इंदिरा गांधींपासून सोनिया गांधींपर्यंत काँग्रेसचे नेते नंदुरबारला सभा घेत आले. 29 सप्टेंबर 2010 रोजी आधार योजनेची सुरुवात पंतप्रधानांच्या उपस्थितीत याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाली. नंदुरबारला समारंभ भरपूर मिळाले.

बाकीचे काय? राज्याच्या 2012 च्या मानव विकास अहवालात नंदुरबार शेवटच्या क्रमांकावर होता. नीती आयोगाने 2021 मध्ये दारिद्र्याचा जो निर्देशांक काढला, तो 2015-16 च्या पाहणीवर आधारलेला होता, म्हणजे गावितांची कारकीर्द संपल्यानंतर लगेचचा. त्यात जिल्ह्यातले निम्म्याहून अधिक लोक बहुआयामी गरीब ठरले. अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरातल्या पाड्यांवरून बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणावे लागते, तेव्हा पुढचा माणूस उतरणीवर पाय रोवतो आणि मागचा झोळी वर उचलून धरतो. हे एकविसाव्या शतकातले, आजचे चित्र आहे.

यावर कोणी म्हणेल, रस्ते आणि दवाखाने राज्याच्या अखत्यारीत, खासदाराला दोष का? दोष एकट्या गावितांचा नाहीच, आणि त्यांच्या काळात पेसा व वनहक्क हे आदिवासींच्या बाजूचे दोन मोठे कायदे झाले, हेही नोंदवले पाहिजे. पण जंगलातून रस्ता काढायला 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानुसार केंद्राची परवानगी लागते. नर्मदेच्या सरदार सरोवरात याच जिल्ह्यातली गावे बुडाली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद दिल्लीपर्यंत गेला. शिवाय या तेहतीस वर्षांतला बराच काळ मुंबईतले सरकारही त्याच पक्षाचे होते. अडचण अधिकारक्षेत्राची नव्हती. दबाव टाकण्याची गरजच कोणाला वाटली नाही.

मग दर वेळी खासदार बदलावा का? तो प्रयोग नाशिकने करून पाहिला आहे. 1977 ते 2009 या दहा निवडणुकांत नाशिकने दहा वेगवेगळे खासदार निवडले. तरी नाशिक-पुणे रेल्वे अजून कागदावरच आहे. नवा खासदार संसदेचे कामकाज समजून घेतो, तोवर त्याची मुदत संपत येते. उलट 1963 मध्ये नाशिकने बिनविरोध निवडून दिलेले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि पुढच्याच वर्षी ओझरला मिग विमानांच्या कारखान्याचा पाया घातला गेला. तिथे वर्षांपेक्षा वजन कामाला आले. गावितांना वर्षे मिळाली, वजन त्यांच्या पक्षाने कधी दिले नाही. न मागता मत मिळत असेल, तर वजन देण्याचे पक्षाला कारणही नव्हते.

2014 मध्ये भाजपच्या हीना गावित यांनी माणिकरावांचा लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. 2024 मध्ये नंदुरबारने त्यांनाही पराभूत करून ती जागा पुन्हा काँग्रेसला दिली. आता कोणत्याच पक्षाला ही जागा गृहीत धरता येणार नाही आणि आमच्या मते नंदुरबारच्या मतदाराने चाळीस वर्षांत मिळवलेली ही सर्वांत मोठी ताकद आहे.

वाचकांना एकच विनंती आहे. आपल्या खासदाराने विचारलेले प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे लोकसभेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. दिवाळीच्या सुट्टीत ती एकदा काढून वाचा आणि जे विचारायचे राहून गेले, ते खासदाराला पत्राने कळवा.